बेडकाचा करदोडा

६ जून २०१४

तृप्ती रोज लिहिते. डोंगरावरून उतरली की पाय न धुता लिहायला बसते. मी म्हटलं, एक वही मला पण दे, मी काय अडाणी आहे? दुसरी शिकले आहे, वर साक्षरतेचा वर्ग केला आहे. तर तिने तिच्या बापाची कोरी राहिलेली डायरी काढून दिली. तिचा बाप म्हणजे माझा मुलगा संघपाल. जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. मला चल चल म्हणतो, मी जात नाही. तिथे दुपारी सगळ्यांची दारं बंद. भांडायचं म्हटलं तरी कोणाशी भांडणार?

वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं, लिहिताना 'मले' लिहायचं नाही, 'मला' लिहायचं. तसंच लिहीन. पण दुसरं कोणी बोललं तर ते जसं बोललं तसंच ठेवीन.

नात पोळ्यापर्यंत राहणार हे कळल्यापासून मला काही सुधरत नाही. काल जर्दा न भरताच तेंदूपान वळलं, दोरा बांधला आणि बिडी सुपात टाकून दिली. शेवंता हसून हसून भिंतीला टेकली. म्हणे, "मंगला, हे पोकळ बिडी कोन्या देवाले ओढाले देतं वो?" शेवंता माझी शेजारीण. माझ्याच ओसरीत बसून आम्ही दोघी जवानीपासून बिड्या वळतो. तिचा डोमा माझ्या मांडीवर वाढला, मीच तेल लावून त्याचे हातपाय ओढायची. आता बैलासारखा झाला आहे. भैयाजीचा ट्रॅक्टर चालवतो. भैयाजी आमच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले मोठे शेतकरी, अर्धा टोला त्यांच्या धानात राबतो.

तृप्ती नागपूरला बेडकावर शिकते. बपेऱ्याच्या बाजारात बाया विचारतात, नात कशात शिकते, तर मी सांगते, बेडकात. आमच्या टोल्याच्या मागे डोंगर आहे, त्याच्या पोटात झिरा आहे, भर उन्हाळ्यात पण पाझरत राहतो. तिथे एक बेडूक राहतो, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. पाण्यात राहत नाही. पानावर राहतो, अंडी पण पानावरच. तृप्ती म्हणते, याच्याबद्दल कोणाला धड काही माहीत नाही. तिला वाटतं की अंडी घालून आई निघून जाते आणि राखण बाप करतो. हे तिने डोळ्यांनी पाहून पुराव्यानिशी दाखवलं तर पुढचं शिक्षण आहे, नाव आहे. नाही दाखवलं तर संघपाल स्थळ पाहायला मोकळा. मी तिला म्हटलं, बाप राखण करतो हे मला पटत नाही, पण तू बघ.

९ जून

दोन सरी आल्या, जमीन भिजली. भैयाजींनी लगेच पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी धान पेरलं. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी टाकले.

सकाळी तृप्तीसोबत झिऱ्यावर गेले. तीनदा बसत बसत गेले, पण गेले. आणि काय सांगू, मारामारी पाहायला मिळाली! एका पानावर दोन नर. आधी टिक् टिक् टिक् असं एकमेकांना आवाज देऊन पाहिलं. मग एकाने पाठ फिरवली. मी म्हटलं, हारला. कसला हारतो! पाठ फिरवून मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ हाणली की दुसरा पानाच्या काठावर लटकला. लटकलेल्याने वर येऊन त्याच्या मानेला कवळा घातला. दोघं गरगरत खाली. पाण्यात पाणसाप टपलेलाच होता. एक मेला, एक वर आला आणि त्याच पानावर बसून पुन्हा टिक् टिक् करू लागला, जसा काही आमदार झाला.

मी टाळ्या वाजवल्या. तृप्ती म्हणाली, "आजी, चूप ना!" तिला सापाच्या तोंडातल्याचं वाईट वाटलं होतं. मला मारामारी पाहायला आवडते, त्यात लपवायचं काय? तृप्तीचे आजोबा, चिंधू, त्यांनी अड्याळच्या एका लग्नात वाढप्याच्या हातातला डाव घेऊन नवरदेवाच्या मामाच्या तोंडावर हाणला होता. मामा म्हणाला होता, तुम्ही लोक मागच्या पंगतीले बसा. त्याचे दोन दात बुंदीत पडले. संघपाल माझ्या पोटात होता, तरी मी टेबलावर चढून पाहत होते. नंतर आमच्या माणसांना बैलगाडीपर्यंत मारत नेलं, ते वेगळं. पण ते दोन दात!

१५ जून

तृप्ती परेशान आहे. सगळे नर सारखेच दिसतात. अंडी राखणारा कालचाच बाप आहे की दुसराच कोणी येऊन बसला, हे कसं कळणार? तिने रंगाचे ठिपके लावून पाहिले, दुसऱ्या दिवशी धुऊन गेले. कमरेला बारीक दोरा बांधायचा असतो म्हणे, पण तिची गाठ एकतर निसटते नाहीतर काचते.

मी म्हटलं, बाळाला करदोडा बांधतो तसं आहे हे, त्यात काय? बिडीचा गुलाबी दोरा काढला. आमचा ठेकेदार हाच दोरा देतो, टोल्यात हा दोन घरांतच येतो, शेवंताकडे आणि माझ्याकडे. बाकीच्यांचा ठेकेदार वेगळा, त्यांना पांढरा. बिडीला कशी गाठ नसते, दोन वेढे आणि एक खोच, तसंच केलं. तृप्तीने बेडूक धरला, मी बांधला, आणि माझ्या तुटलेल्या पोतीचा एकेक मणी ओवला. लाल, निळा, पिवळा. आता लालमण्या, निळामण्या आणि पिवळामण्या असे तीन पैलवान झाले. लाथ मारणारा तो लालमण्या. करदोडा बांधताना माझ्या बोटावर मुतला.

तृप्ती म्हणाली, "आजी, कोनाले सांगू नको हं. लोकं झिऱ्यावर गर्दी करतीन." मी शेवंताला पण सांगितलं नाही. 

२४ जून

पाऊस गेला तो गेलाच. पऱ्हे पिवळे पडले. बोड्यांच्या, म्हणजे शेततळ्यांच्या तळाला चिरा पडल्या, तलावात गुरं उभी राहतात तर फक्त खुरं ओली होतात.

आज बोरिंगवर मोठं झालं. डोमाची बायको आणि टोल्यातलीच रंभाबाई. नंबरावरून. रंभाबाईने तिचा केसांचा बुचडा धरला, डोमाच्या बायकोने पाण्याचा गुंड, पितळेची घागर, उचलून तिच्या कपाळावर मारला, ठण्ण! देवळातली घंटा बरी. रक्त नाकावरून ओठात आलं आणि रंभाबाई ते थुंकत थुंकत शिव्या देत होती, एक शिवी दुसऱ्यांदा नाही आली. पाणी मात्र सगळं सांडलं. सांडलेल्या पाण्यात एक कुत्रं येऊन पडलं, तर दोघींनी मिळून त्या कुत्र्याला मारलं. मेलं ते.

कुत्र्याचं मला आवडलं नाही. भांडण भांडणाऱ्यांत पाहिजे.

शेवंता सांगत होती, भैयाजी नदीपलीकडे मध्य प्रदेशात एका भगताकडे जाऊन आले. भगत म्हणाला, तुमच्या शिवारात कोणीतरी पाणी बांधून ठेवलं आहे. बांधलेलं सापडलं की सुटेल. मी म्हटलं, "पानी काय बकरी आहे बांधाले?" शेवंता हसली नाही. म्हणे, "तुया दोरा ह्या हप्त्यात काहून कमी पडला वो?" मी सांगितलं, नातीच्या कामात गेला थोडा. ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. डोळे कमजोर झालेत तिचे.

१ जुलै

अंडी! तीन पानांवर अंडी! साबुदाण्यासारखी, आत काळा तीळ. तृप्ती मला धरून ओसरीत नाचली, कॅमेरा गळ्यात तसाच, माझ्या हनुवटीला लागला.

माद्या गेल्या निघून. बाप बसले आहेत. लालमण्या, निळामण्या, पिवळामण्या, आपापल्या अंड्यांवर ओलं पोट टेकून. मुंगी आली की लाथ. कोळी आला की लाथ. मी आता मानते. चिंधूंनी संघपालला कधी कडेवर घेतला नाही, पण हे बघा.

तृप्ती म्हणते, अजून सिद्ध नाही. बाप बसतो हे दिसलं, पण बाप बसल्यामुळेच अंडी वाचतात का, हे कसं दाखवायचं? त्यासाठी एक बाप बाजूला करून पाहावं लागेल. नागपूरच्या तिच्या शिकवणाऱ्या बाईंना तिने फोनवर विचारलं. बाई म्हणाल्या, एवढे कमी बेडूक आहेत, एकालाही हात लावायचा नाही. तिने हो म्हटलं. मग बराच वेळ झिऱ्याकडे पाहत होती.

दहा-बारा दिवसांत पिल्लं पाण्यात पडतील म्हणे.

५ जुलै

आज कोंबडीचा रस्सा केला. झालं असं की सकाळी दार उघडलं तर माझी तलंग उंबऱ्यावर, मान पिळलेली. बाजूला लिंबू, त्याला टाचण्या टोचलेल्या, आणि कुंकू. कोणाचं तरी टोटक्याचं काम आहे हे मला कळतं, मी काय कालची आहे? पण आमच्या घरात हे मानत नाहीत. माझ्या बापाने दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले सगळे देव नाल्यात सोडले होते. टाचण्या काढून डब्यात ठेवल्या, लिंबू धुऊन रश्श्यावर पिळलं. छान झाला. तृप्तीने खाल्ला नाही. म्हणते, "आजी, हे कोनी केलं?" मी म्हटलं, पोट्ट्यांची मस्ती. शेवंताकडे वाटी पाठवायची होती, तर तिने दारच उघडलं नाही. आतून खोकली.

तीन दिवस झाले ती बिड्या वळायला येत नाही. संध्याकाळी विहिरीवर भेटली. पदर तोंडावर धरून म्हणाली, "मंगला, तू काही दिवस पोराकडे जाय. पोट्टीले पन घेऊन जाय."

"कायले वो?"

"गरम होऊन राहिलं इथं. गुराख्यानं झिऱ्यावर काहीतरी पाह्यलं म्हनतेत. तू जाय ना."

"गरमी तं तिथं पन आहे. अन् माया वाट्याचे तेंदूपान कोन वळन, तू?"

ती बादली अर्धी भरूनच गेली. माझ्या वाट्याची पानं तिला हवी असतील. मागितली असती तर दिली असती.

९ जुलै



आज धोंडी निघाली. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुनिंबाचा डहाळा लावायचा, दोघांनी खांद्यावर घेऊन घरोघर फिरायचं आणि बायांनी वरून पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो म्हणे. पूर्वी धोंडीपुढे डफडं आमचे लोक वाजवायचे. छप्पन सालानंतर आमच्या बुढ्यांनी डफडी फोडली, तेव्हापासून ते थाळी वाजवतात, आणि धोंडी आमच्या दारावर न थांबता पुढे जाते.

आज थांबली.

मी म्हटलं, दारी आलेल्याला पाणी द्यायला काय जातं? गुंड घेऊन बाहेर आले. मुसळाचं पुढचं टोक डोमाच्या खांद्यावर. तलाव, बोड्या आटलेल्या, टोल्यात बेडूक मिळेना, म्हणून डोमा झिऱ्यावरून घेऊन आला होता. पाहते तर लालमण्या! चारी पाय ताणून सुतळीने आवळलेले, पोट वर, आणि कमरेला गुलाबी करदोडा.

थाळी थांबली. भैयाजी पुढे आले. "हा दोरा टोल्यात दोनच घरी येते," म्हणाले. "कोनं बांधला, आता सांगून टाका."

सगळे एकदा माझ्याकडे पाहत, एकदा शेवंताकडे. शेवंता आपल्या दारात उभी, तोंड राखेसारखं. डोमा पण आईकडे पाहत होता. मला तर लालमण्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी ओरडले, "अगा, हा तं माया लालमण्या! करदोडा मीच बांधला त्याले! सोड त्याले डोमा, त्याचे अंडे पानावर आहेत, बाप नसला तं मुंग्या खातीन!"

सगळे चूप झाले. एवढे चूप की मला वाटलं, त्यांनाही त्याची दया आली. शेवंता दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मग रंभाबाई म्हणाली, "कबूल झाली."

डोमाने सुतळी तोडली. मला वाटलं, सोडतो आहे. त्याने लालमण्याला पायाला धरून माझ्या ओसरीच्या दगडावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मणी उडून माझ्या पायाशी आला.

मी गुंडातलं सगळं पाणी डोमाच्या तोंडावर फेकलं. दोघा-चौघांनी त्याला धरलं. भैयाजी म्हणाले, "आज नाई. धोंडीच्या दिवशी नाई." मग गेले सगळे.

तृप्ती घरात होती, तिने सगळं ऐकलं. ती तेव्हापासून बॅगा भरते आहे. संघपालला फोन केला. तो म्हणाला, उद्या दुपारपर्यंत गाडी घेऊन, पोलिसांना घेऊनच येतो, तोवर कडी लावून बसा. मी म्हटलं, एवढं काय झालं? भांडण झालं, भांडणं होतात. तृप्ती म्हणाली, "आजी, तुले समजून नाई राहिलं." मला एवढंच समजतं की लालमण्याच्या अंड्यांवर आज कोणी नाही.

१६ जुलै, तुमसर, दवाखाना

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी येतात, पण येतात.

दहा तारखेचं सगळं सांगते. तृप्तीच्या बॅगा भरून झाल्या होत्या, पण ती सारखी खिडकीतून डोंगराकडे पाहत होती. पिल्लं पडायची वेळ झाली होती. मीच म्हटलं, "जाय, पाहून ये. गाडीले वेळ आहे." ती मागच्या दाराने निघाली. मागे शेवंता गोवऱ्या थापत होती. तिने विचारलं, "कुठं चालली वं पोट्टी?" तृप्ती म्हणाली, "झिऱ्यावर, आलीच मी." मला बरं वाटलं, शेवंता बोलली म्हणून. चाळीस पावलांवरचं घर आणि विहिरीवर भेटल्यापासून पाच दिवस बोलत नव्हती.

मग ते आले. कडी होती, पण आमचं दार म्हणजे दार आहे का? मला ओसरीत ओढलं. पहिली झापड रंभाबाईची. हलकी होती, तिच्या मनगटात जोर नाहीच, जीभ तेवढी आहे. दुसरी कोणाची ते पाहिलं नाही, पण बांगडीवाला हात होता. मी एकीचा कान चावला. सोडते काय? कानातली बुगडी माझ्या तोंडात आली. खरं लिहायचं तर तोवर मला भ्या नव्हतं. वाटलं, झोंबाझोंबी होईल, केस तुटतील आणि संध्याकाळी सगळ्याजणी हळद लावत बसू. मग पाठीत काठी बसली आणि श्वास गेला तो लवकर परत आलाच नाही. एक लाथ बरगडीत. पडल्यावर पायच पाय दिसत होते. कोणाच्या पायात काय आहे ते सगळं सांगू शकते. भैयाजींच्या घरच्या गड्याच्या पायात निळा रबरी जोडा, तो तीनदा आला.

डोमाने माझा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. गुडघ्याने दाबून धरला. म्हणाला, "याच बोटायनं बांधलं ना मावशी?" आणि मुसळ मारलं. मावशी म्हणाला, तेवढं खरं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मला आवाज ऐकू आला, दुखलं नंतर.

"पोट्टी कुठं आहे?" सगळे विचारू लागले. मी म्हटलं, तुमसरले गेली, बसनं. पुन्हा मुसळ वर गेलं. तेव्हा सगळ्यांच्या मागून शेवंताने हात वर केला आणि डोंगराकडे बोट दाखवलं. नुसतं बोट. डोमा मुसळ घेऊन तिकडे पळाला, त्याच्यामागे अर्धे लोक पळाले. माझ्या अंगावरचा अर्धा भार गेला. म्हणून मी जगले. शेवंताचं डोकं वेळेवर चालतं, ते मी आधीपासून सांगते.

उरलेले मला मारत होते पण जीव नव्हता त्यात. मग बावनथडी नदीच्या अंगाने अंधारून आलं. पहिला थेंब माझ्या डोळ्यात पडला. एवढा मोठा! लोक मला सोडून अंगणात नाचायला लागले. रंभाबाई कपाळाची पट्टी काढून पावसात उभी राहिली. भैयाजी धावत आले आणि म्हणाले, "सुटला, सुटला! आता सोडा बुढीले." त्यांनीच ट्रॅक्टर दिला, माझ्या अंगावर ताडपत्री टाकायला लावली. डोंगराच्या वाटेवर तृप्ती येताना दिसली, एकटी, हाताने डोळा दाबून. तिला पण चढवलं. पुढे बपेऱ्याच्या वाटेवर संघपालची गाडी भेटली, पोलीस काही सोबत आले नव्हते. तो आम्हाला पाहून रस्त्यावरच खाली बसला.

आता तृप्ती बाजूच्या पलंगावर आहे. दगड लागला. डाव्या डोळ्यावर मोठी पट्टी. डॉक्टर म्हणतात, सूज उतरली की पाहू. तिला मी सारखं विचारते, उतरली का?

तिने मला झिऱ्यावरचं सांगितलं. दगड लागल्यावर ती खडकाच्या कपारीत सरकली, त्यांना दिसली नाही. त्यांनी काठ्यांनी झुडपं झोडपली. निळामण्या एकाच्या टाचेखाली गेला. पिवळामण्याचं पान कपारीच्या वर होतं, ते राहिलं. लोक गेले तरी ती तिथेच पडून होती, उठता येत नव्हतं, म्हणून एका डोळ्याने पाहत होती. लालमण्याच्या पानावर तर आदल्या दिवशीच मुंग्या येऊन गेल्या होत्या, पान चाटून साफ. निळामण्याच्या पानावर तिच्या डोळ्यांदेखत मुंग्यांची रांग लागली. एकेक अंडं फोडून घेऊन गेल्या. पिवळामण्या मात्र लाथा मारत होता. इकडची मुंगी उडवली की वळून तिकडची. मग पाऊस आला, आणि त्याच्या पानावरून पिल्लं एकेक करून घसरली, टप् टप् पाण्यात.

मी म्हटलं, "मग तं सिद्ध झालं ना वं! बाप होता तिथं पिल्लं, बाप नाई तिथं मुंग्या!"

ती म्हणाली, "हो आजी. झालं सिद्ध." आणि उजव्या डोळ्याने एवढी रडली की नर्स धावत आली. जे पाहायला आली होती तेच पाहून रडते. मी तिच्या बाईंना फोन लावायला सांगितला. ती म्हणे, नंतर.

१८ जुलै

शेवंता आली! मला एवढा आनंद झाला की उठून बसले आणि बरगडीत कळ गेली. भाकर आणि भाजी घेऊन आली होती. स्टुलावर बसून मला घास भरवला. तिचे डोळे सारखे वाहत होते. तृप्ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

शेवंता माझ्या कानाशी आली. "मंगला, आज ठानेदार येनार आहे. भैयाजी म्हनतेत, ओसरीवरून पडली म्हन. दवाखान्याचं सगळं ते पाहातेत. माया डोम्याचं नाव घेऊ नको. त्याचे पोट्टे लहान आहेत वो. तूच वाढवलं ना त्याले."

मी म्हटलं, "बोटांपुरती मी पडली म्हनीन. माये बोटं आहेत, मी काही पन म्हनीन."

ती माझे पाय दाबू लागली. मी दुपारभर विचार केला. डोमाला मी खरंच वाढवलं. गोवर आला तेव्हा शेवंता माहेरी होती, मीच त्याच्या उशाशी बसले होते. मुसळ मारणारा तोच आहे का, असं पण मनात येऊन जातं. मग नर्स पट्टी बदलायला आली. तिने तृप्तीचा डोळा उघडला. डोळा होता तिथे मला डोळा दिसला नाही.

मी शेवंताला विचारलं, "माये बोटं ओसरीवरून पडले. पोट्टीचा डोळा कुठून पडला म्हनू?"

ती पाय दाबत राहिली.

ठाणेदार आले, सोबत एक शिपाई लिहायला, संघपाल दारात उभा. ठाणेदारांना वाटलं होतं बुढी काय सांगणार. "हळूहळू आठवा आजी," म्हणाले. मी म्हटलं, आठवायचं काय त्यात, तुम्ही लिहा. रंभाबाईची झापड, उजव्या हाताची. निळा रबरी जोडा, भैयाजींचा गडी, तीन लाथा, डाव्या बरगडीत. काठी कोणाची, कशाची, कुठून आणली. मुसळ डोमाचं, दोन वार, गुडघा माझ्या मनगटावर. मग तेच मुसळ घेऊन तो डोंगराकडे गेला. पाऊस आल्यावर "सोडा" म्हणणारे भैयाजी, आणि त्याआधी सगळा वेळ कडुनिंबाखाली खुर्चीवर बसलेले पण भैयाजीच. ती खुर्ची मी विसरलेच होते, बोलता बोलता आठवली. शिपायाला लिहिणं सुधरेना. तो म्हणाला, "हळू आजी, हळू." मी कशी हळू होऊ? एवढी मोठी मारामारी मी पहिल्यांदाच खालून पाहिली.

ठाणेदारांनी विचारलं, मारलं कशासाठी? मी म्हटलं, बेडकासाठी. शिपायाने पेन खाली ठेवला. मग मी त्यांना बाप अंडी कशी राखतो ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे पण लिहा, नातीने सिद्ध केलं आहे. ते तृप्तीकडे पाहत होते. ती आता उठून बसली होती.

शेवंता कोपऱ्यात उभी होती, पदर तोंडात. मला वाटलं, सगळ्यांची नावं आली आणि हिला भ्या वाटत असेल की हिचंही घालतात की काय. म्हणून मी स्वतःहून सांगितलं, "साहेब, हे शेवंता. इचं काहीच नाई त्याच्यात. हातात काडी नव्हती इच्या. उलट इच्यामुळंच मी जिवंत आहे, ते लिहा. हे गर्दीच्या मागं उभी होती, इनं डोंगराकडं बोट दाखवलं, म्हनून अर्धे लोकं माया अंगावरून उठून झिऱ्याकडं पळाले."

शिपाई लिहीत होता. ठाणेदारांनी त्याचा हात धरून थांबवला आणि शेवंताला विचारलं, "पोरगी झिऱ्यावर गेली हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"असन कसं?" मी म्हटलं. "इनं तं सकाळी विचारलं होतं तिले, कुठं चालली म्हनून, तेवढंच." मग मला वाटलं, मी काहीतरी उलटसुलट बोलले, पण काय ते कळेना. शेवंता दाराकडे गेली. संघपाल बाजूला झाला. तिच्या चपला माझ्या पलंगाखालीच राहिल्या.

मी तृप्तीला म्हटलं, "अवं, पळ ना, दे तिले चपला, बाहेर गिट्टी आहे." तृप्ती उठली नाही. तिने एका डोळ्याने चपलांकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाली, "लिहा."

शेवटी मीच उतरले, सलाईनची नळी धरून, चपला डाव्या हातात घेऊन. दारापर्यंत गेले. शेवंता फाटकाबाहेर पोहोचली होती आणि पळत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, चिखलातून. मी जोरात हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत तिला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं.